उपरण्याखालचा निकाल

नवी पेठेत शिवलिंगप्पांचं कापडाचं दुकान कुठं, असं विचारलं की लोक आधी उलट विचारायचे, "ज्युरीवाले शिवलिंगप्पा ना?" आणि मग बोट दाखवायचे. आता बघा, माणसानं उभी हयात इरकली लुगडी आणि धोतरजोड्या विकण्यात घालवली, आणि गावानं त्याला ओळखावं कशावरून, तर कधीमधी कोर्टातल्या बाकावर जाऊन बसतो त्यावरून! पण शिवलिंगप्पांना त्याचं वाईट वाटत नसे. उलट कुणी नुसतं 'कापडवाले' म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा.

खरं सांगायचं तर ते ज्युरी नव्हतेच. ज्युरी पुण्या-मुंबईकडं. आमच्याकडं त्या काळी खुनाचा खटला चालायचा तो जज्जसाहेब आणि चार असेसर यांच्यापुढं. असेसर म्हणजे मुलखातली चार बऱ्या घरची माणसं. त्यांनी साक्षीपुरावा ऐकायचा आणि शेवटी एकेकानं उठून सांगायचं, आरोपी दोषी की निर्दोष. ते मत साहेबानं मानलं तर मानलं, नाही तर नाही. पण हा बारीक फरक पेठेत कोण कुणाला समजावत बसणार? लोक ज्युरी म्हणत, आणि शिवलिंगप्पा ते चुकूनही दुरुस्त करत नसत.

पहिलं समन्स आलं तेव्हा मात्र घरात हलकल्लोळ झाला होता. दारात पट्टेवाला बघितल्याबरोबर त्यांच्या बायकोनं, दाक्षायणीबाईंनी, सिद्धरामेश्वराला नारळ बोलून टाकला. नवऱ्याला धरून नेत नाहीत, उलट न्याय करायला बोलावलंय, हे कळल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "अय्यो! तुम्ही आणि न्याय? घरात दोन सुना भांडल्या की तुम्ही माडीवर जाऊन बसता की हो!" शिवलिंगप्पांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि नवा रुमाल डोक्याला बांधून कोर्टात गेले.

आणि तिथं त्यांना चटक लागली. लागणारच! दिवसभर गिऱ्हाइकापुढं "घ्या की बाई, रंग जाणार नाही, माझी जबान" म्हणून घसा कोरडा करणारा माणूस. इथं दारातला शिपाई त्यांना सलाम करतोय, काळ्या डगल्यातला वकील त्यांच्याकडं तोंड करून हात जोडून सांगतोय, आणि पिंजऱ्यातला जिवंत माणूस त्यांच्या तोंडाकडं आशेनं बघतोय. असं आजवर त्यांच्याकडं कुणी बघितलं नव्हतं, दाक्षायणीबाईंनी तर नाहीच नाही.

दोन-चार खटले झाल्यावर शिवलिंगप्पांनी स्वतःचं एक शास्त्रच काढलं. गुन्हेगार आपण बघताक्षणी ओळखतो, असं ते दुकानाच्या गादीवर तक्क्याला टेकून सांगू लागले. ओळखायचं कशावरून? तर पायाच्या अंगठ्यावरून. गुन्हेगार उभा राहिला की त्याचा अंगठा भुईत रुततो. दुसरी खूण कानाच्या पाळ्यांची. पाप आठवलं की त्या लाल होतात. पेठेतली रिकामटेकडी मंडळी दुपारी हे ऐकायला जमायची, पान खायची आणि माना डोलवायची. शेजारच्या सराफाची अंगठी हरवली तेव्हा त्यानं पोलिसांकडं न जाता शिवलिंगप्पांना बोलावलं. यांनी घरातली नोकरमाणसं ओळीनं उभी केली, खाली वाकून सगळ्यांचे अंगठे बघितले आणि भांडीवाल्या बजाबाईला चोर ठरवून मोकळे झाले. बिचारीचं काम गेलं, वर चार शिव्या मिळाल्या. पुढं ती अंगठी सराफाच्याच बंडीच्या अस्तरात सापडली. आता तरी जीभ चावावी की नाही? शिवलिंगप्पा म्हणाले, "ह्या वेळी वाचली. पण अंगठा सांगत होता, कधी ना कधी करणारच होती." आणि मंडळींनी त्यावरसुद्धा माना डोलवल्या.

प्रत्यक्ष कोर्टात बाकावर मात्र अंगठा आणि कान कुणी विचारत नव्हतं. तिथली रीत निराळी होती. सकाळी चौघं ताठ बसून ऐकायचे. दुपारची भाकरी आणि ताक पोटात गेलं की डोळे मिटायला लागायचे. साक्षीदार बाई रडली की चौघांना कळवळा यायचा, वकिलानं आवाज चढवला की चौघांना खरं वाटायचं. आणि मत सांगायची वेळ आली की पहिल्यानं साहेबाच्या हाताकडं बघायचं. बचावाचा वकील बोलत असताना साहेबानं लेखणी खाली ठेवली, म्हणजे त्याचं मन ठरलं, आरोपी गेला. लिहीतच राहिला, म्हणजे अजून आशा आहे. त्याप्रमाणे पहिला बोलायचा. दुसरा म्हणायचा, "माझं बी तेच." तिसरा, "तेच." चौथा नुसती मान हलवायचा. साहेबाला वाटायचं, लोकांचं मत कळलं. लोकांना वाटायचं, साहेबाचं मन ओळखलं. पिंजऱ्यातल्या माणसाचं काय खरं होतं, ते पिंजऱ्यातच राहायचं.

असं सगळं झकास चाललं होतं, आणि मंद्रूपचा खटला आला.

मंद्रूपच्या दोन धनगर भावांवर खुनाचा आरोप होता. थोरला सिदू, धाकटा बिरू. बांधावरच्या बाभळीवरून शेजारच्या शेतवाल्याशी भांडण झालं आणि तो शेतवाला डोक्यात कुऱ्हाड बसून जागच्या जागी मेला. घाव एकच. कुऱ्हाड एकच. तिथं भाऊ मात्र दोघे होते. घाव घालताना कुणी बघितलेला नाही. सिदू म्हणाला, मी मारलं नाही. बिरू म्हणाला, मी मारलं नाही. मग कुणी मारलं, असं विचारलं की दोघंही खाली बघायचे. भावानं भावाचं नाव घेतलं नाही, हे खरं. पण भावासाठी स्वतःचं नावही कुणी पुढं केलं नाही. त्यांची आई बाळाबाई रोज कोर्टाच्या दारात उकिडवी बसून असायची. तिला एवढंच कळत होतं की दोघांतला एक खोटं बोलतोय, आणि कोणता ते तिला कळत नव्हतं.

मत सांगायचा पहिला मान शिवलिंगप्पांचा, पण बाकावर ते मधे. त्यांच्या एका हाताला तेलाचे व्यापारी मल्लप्पा, दुसऱ्या हाताला पेन्शनीतले मास्तर यज्ञेश्वरपंत. मल्लप्पांच्या पलीकडं, कडेला, मंगळवेढ्याचे मोठे शेतकरी धोंडीराम, ज्यांना पंख्याचा वारा लागला की झोप यायची. आणि साहेब नवा होता. कसला खमक्या! पहिल्याच दिवशी शिरस्तेदाराकरवी सांगून टाकलं, असेसरांनी आपसात एक अक्षर बोलायचं नाही. बाकावर नाही आणि बाहेरसुद्धा नाही. प्रत्येकाचं मत ज्याचं त्याचं हवं. वर एक शिपाई मागं उभा केला लक्ष ठेवायला. एवढ्यावर भागलं असतं तरी हरकत नव्हती. पण हा साहेब पेन्सिलीनं लिहायचा, आणि ती पेन्सील म्हणून कधी खाली ठेवायचाच नाही. तोंड बघावं तर दगडी. शिवलिंगप्पा चार दिवस त्याच्याकडं टक लावून बसले, पण बाबाच्या मनात काय आहे त्याचा पत्ता लागेना.

शेवटचा दिवस उजाडला आणि शिवलिंगप्पांना घाम फुटला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर स्वतःचं मत असण्याची पाळी आली होती. त्यांनी हळूच सिदूच्या अंगठ्याकडं बघितलं. रुतलेला होता. बिरूच्या अंगठ्याकडं बघितलं. तोही रुतलेला. शेजारच्या शिपायाचा तर दोन्हींपेक्षा जास्त रुतला होता. कान बघावेत तर उन्हातान्हातल्या माणसांचे काळेभोर कान, त्यांत लाल काय दिसणार, कपाळ!

तेवढ्यात मल्लप्पांचा हात त्यांच्या उपरण्याखाली शिरला.

बाजारात हे नित्याचंच होतं. बैलाचा सौदा असो की सरकीचा, चारचौघांत भाव बोलायचा नाही. हातावर उपरणं टाकायचं आणि खालून बोटं दाबून सांगायचं. तिसऱ्याला ऐकू जात नाही, आणि बोललो म्हणून कुणी आळही घेत नाही. मल्लप्पांनी शिवलिंगप्पांची दोन बोटं धरून दाबली. म्हणजे दोघेही दोषी. मल्लप्पांचं म्हणणं सरळ होतं. माणूस मेलाय ना? मग भरपाई पुरी झाली पाहिजे. शिवलिंगप्पांनी दुसरा हात मास्तरांकडं सरकवला आणि तिथं दोन बोटं दाबली. यज्ञेश्वरपंतांनीही बैल विकलेला होता, त्यांना कळलं. त्यांनी ती दोन्ही बोटं घडी घालून तळहातात बंद केली. म्हणजे एकही नाही. मास्तर चार दिवस खरोखरच मन लावून ऐकत होते. कुणी मारलं ते ठरत नसेल तर दोघांनाही सोडलं पाहिजे, एवढं त्यांना स्वच्छ दिसत होतं.

झालं! एकाचे दोन, एकाचं शून्य, आणि मधे शिवलिंगप्पा. भीती कुठल्या कुठं पळाली. ही तर त्यांची रोजची जागा. बचावाचा वकील आरडाओरडा करून कायदा सांगत होता, आणि इकडं उपरण्याखाली बोटांची रेटारेटी चालली होती. मल्लप्पा दोनावरून हटेनात. मास्तर मूठ उघडेनात. चौघांच्या माना खाली, नजर गुडघ्यावर. वकिलाला वाटलं, आपलं बोलणं यांच्या काळजाला भिडलं. तो आणखी जोर करून बोलू लागला. शिवलिंगप्पांनी दोन्हीकडं एकेक बोट दाबलं. तुमचं राहू द्या, त्यांचं राहू द्या, मधलं घ्या. मल्लप्पांनी थोडी ओढ धरली, मग बोट दाबलं. मास्तरांचा हात बराच वेळ तसाच राहिला. दोघं जाण्यापेक्षा एक वाचतोय, असा काहीतरी हिशेब त्यांनी मनाशी केला असावा. त्यांनीही दाबलं. मल्लप्पांनी ते बोट पलीकडं पोचवलं, आणि धोंडीरामांनी अर्धवट झोपेत, कशाचा सौदा हे न विचारता, विश्वासानं दाबून टाकलं.

शिवलिंगप्पांना इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! सगळ्यांचा मान राहिला, कुणाचं मन मोडलं नाही. कोणता एक, एवढं तेवढं ठरायचं राहिलं होतं. पण ते त्या वेळी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

साहेबानं पहिलं मत विचारलं. शिवलिंगप्पा उठले, रुमाल सारखा केला आणि म्हणाले, "साहेब, एक दोषी आहे, एक निर्दोष."

शिरस्तेदारानं भाषांतर केलं. साहेबानं मान वर केली आणि काहीतरी विचारलं. शिरस्तेदार म्हणाला, "कोणता?"

शिवलिंगप्पांनी रुमाल पुन्हा एकदा सारखा केला. मागं बोटं चाचपून बघावी तर उभ्या उभ्या कसं बघणार? समोर दोघे भाऊ. दोघेही त्यांच्याकडं बघत होते. दारात ती म्हातारी उठून उभी राहिली होती. शिवलिंगप्पांच्या डोक्यात काय काय येऊन गेलं आणि शेवटी एकच धड गोष्ट उरली. घरात थोरला तो थोरला. पेढी चालली तर नाव थोरल्याचं, बुडाली तरी थोरल्याचंच. धाकट्याला कोण विचारतंय?

"थोरला," ते म्हणाले. "थोरला दोषी. धाकटा निर्दोष."

मल्लप्पा उठून म्हणाले, "माझं बी तेच." मास्तर उठले. त्यांनी शिवलिंगप्पांकडं बघितलं, एकदा त्या सिदूकडं बघितलं. पण सौदा ठरल्यावर बोट सोडवून घ्यायचं म्हणजे चार माणसांत तोंड काळं. "माझंही तेच मत," मास्तर म्हणाले आणि चटकन खाली बसले. धोंडीरामांनी मान हलवली. आणि साहेबानं पहिल्यांदाच ती पेन्सील खाली ठेवली.

निकालाच्या दिवशी साहेबानं काय लिहिलं ते शिरस्तेदारानं मागाहून सगळ्यांना सांगितलं. साहेब म्हणे, या खटल्यात माझं स्वतःचं मन ठरत नव्हतं. पण चार निरनिराळ्या धंद्यांची, निरनिराळ्या जातींची माणसं एकमेकांशी अक्षर न बोलता, स्वतंत्रपणे, एकाच बारीक भेदावर आली, तो निव्वळ योगायोग असू शकत नाही. आरोपींच्या चेहऱ्यामोहऱ्यावर त्यांना असं काही दिसलं असलं पाहिजे की जे या मुलखातल्या माणसालाच दिसावं. म्हणून थोरल्याला जन्मठेप, आणि धाकटा सुटला.

मग काय विचारता! पेठेत शिवलिंगप्पांचा भाव वधारला. साहेबाला जे दिसलं नाही ते आपल्या शिवलिंगप्पाआण्णांना दिसलं, म्हणून सराफानं पेढे वाटले. आणि मौज म्हणजे आठवडा गेला नाही तोच आण्णांनाही ते दिसायला लागलं. कुऱ्हाडीचं नाव निघालं की थोरल्याची मान कशी खाली जायची, कान कसे तापायचे, धाकटा कसा निर्मळ उभा होता, हे त्यांना इतकं लख्ख आठवू लागलं की विचारू नका. उपरण्याखालचं सगळं ते विसरले. खोटं नाही, खरोखरच विसरले. अशी माणसं मुद्दाम खोटं बोलत नाहीत, तेवढी अक्कल त्यांच्यात नसते. दाक्षायणीबाई एवढंच म्हणाल्या, "चार दिवस बघितलंत म्हणता, आणि काल मी कुठलं लुगडं नेसले होते सांगा बघू!" त्यावर ते रागावून माडीवर गेले.

एके दिवशी दुपारी दुकानात नेहमीची मंडळी जमली होती. पान चाललं होतं. पायरीशी एक म्हातारी येऊन उभी राहिली. मागं रस्त्याच्या कडेला बिरू उभा होता, कोर्टात होता तसाच, खाली बघत. शिवलिंगप्पांनी बाळाबाईला ओळखलं आणि ते गादीवर मागं सरकले. आता ही शिव्याशाप देणार, लोकांत शोभा करणार.

पण तिनं पायरीला हात लावून नमस्कार केला.

"मालक, भांडाया न्हाय आले," ती म्हणाली. "येक इचारायचं हाय. तुमाला कसं कळलं वं, शिदूनंच मारलं म्हनून?"

मंडळी सरसावून बसली. हेच तर ऐकायचं होतं.

"माजं दोगं बी न्हाय म्हनत्यात," बाळाबाई म्हणाली. "लई येळा इचारलं. बिरू म्हनतो म्या न्हाय. तुरुंगात जाऊन शिदूला इचारलं, तर माज्या पायाला हात लावून म्हनला, आये, देवाच्यान म्या न्हाय. म्या दोगास्नी पोटात वागवलं, पर मला वळखंना. बिरूला भाकरी वाडाया बसले की हात थांबतो. वाटतं, ह्येनंच मारलं आन् माजा शिदू ह्येच्यापायी गेला. तुमी तर नुसतं बघून वळखलं. साहेब बी तुमचं मानला. काय दिसलं तुमाला? सांगा की. आज शिदूला येरवड्याला नेत्यात. ठेसनावर घडीभर भेटू देत्यात म्हनं. भाकरी बांधून आनलीया. पर म्हनलं, आदी तुमाला इचारावं."

एक क्षण शिवलिंगप्पांना उपरण्याखालचा मल्लप्पांचा हात आठवला. अगदी स्पष्ट आठवला. "बाई, मला काही दिसलं नव्हतं," एवढंच म्हणायचं होतं. पाच शब्द. पण सराफ बघत होता, मंडळी बघत होती, आणि ती म्हातारी तर देवळात उभी असावी तशी बघत होती. असं कोण बघतं हो कापडवाल्याकडं?

"हे बघ बाई," ते खाकरून म्हणाले, "चार दिवस मी नजर हलवली नाही. तुझा थोरला एकदासुद्धा माझ्या नजरेला नजर देईना. कुऱ्हाडीचं नाव निघालं की त्याचे कान तापायचे. पापाला लपता येत नाही. धाकटा तुझा निर्मळ आहे."

"म्हंजे शिदूनंच?"

"शिदूनंच."

"नक्की की वं मालक?"

"अगदी देवाशपथ."

बाळाबाईनं लांब श्वास सोडला. तिच्या तोंडावरची ओढ सैल झाली. कितीतरी दिवसांत ती नीट झोपली नसावी. "माज्या पायाला हात लावून खोटं बोलला की वं," ती हलकेच म्हणाली. तिनं परत पायरीला हात लावला आणि रस्त्याकडं वळली. दुकानाच्या सावलीतच ती खाली बसली, काखेतलं फडकं सोडलं. कडक भाकरी, शेंगांची चटणी, आणि वर गुळाचा मोठा खडा.

"हितं ये," ती बिरूला म्हणाली. "बस. खा."

"दादाचं हाय की त्ये," बिरू म्हणाला.

"खा म्हनते न्हवं!"

"गाडी चुकंल आये. चल की ठेसनावर."

"न्हाय जायचं," बाळाबाई म्हणाली आणि भाकरी मोडून तिनं त्याच्या हातात दिली. बिरूनं ती धरली, पण तोंडाकडं नेली नाही. त्यानं मान वर करून दुकानात शिवलिंगप्पांकडं बघितलं आणि बघतच राहिला.

शिवलिंगप्पा गादीवरून अर्धवट उठले. "अहो बाई" हे शब्द अगदी ओठांवर आले होते. स्टेशन काही लांब नव्हतं, टांगा केला असता तर म्हातारी पोचली असती.

"वा, आण्णा, वा!" सराफ त्यांच्या मांडीवर थाप मारून म्हणाला. "ते कानाचं पुन्हा एकदा सांगा की."

शिवलिंगप्पा खाली बसले, तक्क्याला टेकले, आणि त्यांनी ते पुन्हा सांगितलं.